गाईड ट्रॅक म्यूट केला तो दिवस

बँड ज्याने उभा केला, तोच मध्यावर सोडून गेला होता. नऊ गाण्यांचे गाईड ट्रॅक, म्हणजे बाकीच्यांनी कानात ऐकत वाजवायचं ते कच्चं रेकॉर्डिंग, मात्र त्याच्याच ऱ्हिदम गिटारचे होते आणि त्यांच्यावरच आम्ही ड्रम चढवत होतो. मी साऊंड इंजिनिअर. पहिल्याच बैठकीत त्यांना जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचं उदाहरण दिलं होतं: १९७५ मध्ये त्यांचा गायक पीटर गेब्रिएल बँड सोडून गेला, बरेच गायक ऐकून झाले आणि शेवटी ड्रमर फिल कॉलिन्सच गायला उभा राहिला. इथेही गाणं बास गिटारवाल्याच्या गळ्यात आलं होतं. त्याच्यासाठी पट्टी एका स्वराने उतरवली.

पट्टी बदलली म्हणजे जुनी गिटार जुळेना. तिसऱ्या गाण्याला मी ती म्यूट केली, ड्रमरच्या कानात फक्त क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, ठेवली. सहा टेक झाले. एकही चूक नाही, पण एकाही टेकला मान डोलेना. ड्रमरने हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि नुसताच बसून राहिला.

मी जुना टेक उघडून वेव्हफॉर्म, म्हणजे स्क्रीनवरचा आवाजाचा आलेख, मोठा केला. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. सोडून गेलेल्याचा उजवा हात दर मात्रेला साधारण २० मिलिसेकंद मागे पडत होता, आणि ड्रमरचा स्नेअर ड्रम बरोबर त्याच्या मागोमाग. इतकी वर्षं हा पोरगा क्लिकवर वाजवतच नव्हता, मित्राच्या हातावर वाजवत होता. त्याला स्क्रीन दाखवली. बराच वेळ तो त्या दोन रेघांकडे बघत राहिला.

नवा स्नेअर उचलून २० मिलिसेकंद मागे सरकवणं दोन मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही. तसं केलं असतं तर अख्खा अल्बम गेलेल्या माणसाची नक्कल झाला असता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

क्लिक बंद केली. बासचा अॅम्प बाजूच्या खोलीत ठेवला, बासवाल्याला ड्रमसमोर खुर्ची दिली, इतकी जवळ की गुडघे किक ड्रमला लागावेत. पहिले दोन टेक विस्कटले. तिसऱ्यात ड्रमरची नजर बासवाल्याच्या बोटांवर गेली ती हललीच नाही. गाणं थोडं संथ झालं, जड झालं. दुसऱ्या ध्रुवपदाआधी लय किंचित पुढे धावते. ती मी तशीच राहू दिली.

टेक ऐकून झाल्यावर ड्रमर काचेपलीकडून म्हणाला, ‘‘चौथं लाव. गाईड नको.’’