बत्तीस फुटांचा कागद

सलायना शहर मागे पडलं की आय-७० महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पवनचक्क्या लागतात आणि त्यांच्या पायाशी ज्वारी. इथले शेतकरी तिला मायलो म्हणतात. आपल्या मालदांडीसारखी डोक्यावर जाणारी नाही, जेमतेम कमरेइतकी. पण सप्टेंबरच्या सुरुवातीला कणसं तांबूस होतात आणि उन्हं कलली की सगळं माळरान विस्तवासारखं दिसतं. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी कॅन्ससमध्ये पिकते, आणि बरीचशी गुरांच्या खाद्याला नाहीतर इथेनॉलला जाते. लग्नानंतर पहिल्यांदा या रस्त्याने आले तेव्हा गाडी थांबवायला लावून मी एका कणसाला हात लावून बघितला होता. यंदा, अकरा वर्षांनी, माझ्या मुलीने तेच केलं.

आम्ही चाललो होतो हेज गावाला, सासरच्या कुलसंमेलनाला. लेबर डेच्या जोडसुट्टीत दर तीन वर्षांनी ते भरतं. एरवी डेन्व्हर, विचिटा, ओक्लाहोमा इथून सत्तर-ऐंशी माणसं जमतात. या वेळी मात्र आर्जेन्टिनाहून चार आणि जर्मनीहून दोन माणसं येणार होती, आणि आतेसासूबाईंचा महिनाभर रोज फोन येत होता : गादी जास्तीची आहे का, तुझ्या ओळखीत स्पॅनिश येणारं कोणी आहे का, एअरपोर्टवर कोण जाणार.

हे लोक जर्मन वंशाचे, पण त्यांच्या आठवणीतला गाव जर्मनीत नाही. २२ जुलै १७६३ ला रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीन दुसरीने जाहीरनामा काढला : येऊन जमीन कसा, धर्म तुमचा तुम्ही पाळा, सैन्यात यावं लागणार नाही. सात वर्षांच्या युद्धाने पिचलेल्या जर्मन मुलखातून १७६४ ते १७६७ या काळात सुमारे तीस हजार माणसं व्होल्गा नदीच्या खोऱ्यात गेली आणि तिथे त्यांनी शंभरावर गावं वसवली. माझ्या सासरच्यांचं गाव फायफर. दिलेला शब्द शंभर वर्षांनी फिरला. १८७४ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली आणि लोक पुन्हा गाठोडी बांधू लागले. आमच्या घरातल्या तीन भावांपैकी मधला १८७६ मध्ये कॅन्ससला आला. धाकटा दहा-अकरा वर्षांनी आर्जेन्टिनात गेला. थोरला म्हाताऱ्या आईवडिलांसाठी मागे राहिला. तिघांची पुन्हा भेट झाली नाही.

कॅन्ससमध्ये आलेल्यांनी गावांना जुनीच नावं दिली. एलिस काउंटीचा नकाशा बघितला तर हेर्झोग, कॅथरीन, मंजोर, फायफर, शोन्शन अशी व्होल्गाकडची गावं दहा-पंधरा मैलांच्या अंतराने परत मांडलेली दिसतात. हेर्झोग पुढे शेजारच्या व्हिक्टोरियात मिसळलं. तिथे रस्त्यावरूनच सेंट फिडेलिस चर्चचे जुळे मनोरे दिसतात, १४१ फूट उंच. या सपाट मुलखात डोळ्यांना दुसरा आधारच नाही. १९०८ ते १९११ या काळात हे चर्च बांधलं तेव्हा बारा वर्षांवरच्या प्रत्येक सभासदावर वर्षाला ४५ डॉलर आणि सहा गाड्या दगड अशी वर्गणी बसवली होती. दगड इथलाच, पिवळसर चुनखडीचा. लाकूड मिळत नव्हतं म्हणून शेताच्या कुंपणाचे खांबसुद्धा याच दगडाचे केले, ते अजून उभे आहेत. चर्चच्या आत शिरल्यावर मला उंचीपेक्षा त्या सहा गाड्यांचाच विचार सुटेना. माझ्या आजेसासऱ्यांच्या आईने बाराव्या वर्षी आपल्या वाटणीचा दगड वाहताना गाडीवर बसून लगाम धरला होता, असं घरात सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मोकी हिल नदीकाठच्या फायफरला गेलो. इथलं होली क्रॉस चर्च लोक 'दोन सेंटांचं चर्च' म्हणून ओळखतात, कारण गव्हाच्या दर बुशेलमागे (बुशेल हे धान्याचं माप) दोन सेंट बाजूला काढून ते उभं केलं. गावात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं राहिली आहेत. पण दार उघडलं तेव्हा आर्जेन्टिनाहून आलेल्या सत्तरीच्या बाई उंबऱ्यातच थांबल्या. त्या कोरोनेल सुआरेसजवळच्या पुएब्लो सांता मारियाच्या. १८८७ साली वसलेल्या तिथल्या तीन जर्मन गावांपैकी ते एक, आणि जुन्या माणसांच्या तोंडी त्याचं नाव आजही कामेन्का, व्होल्गाकडच्या गावाचंच. बाई स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटल्या, मग बाकावर बसून राहिल्या. कोणी त्यांना हलवलं नाही.

त्यांची खरी भेट जेवणाच्या वेळी झाली. हॉलमध्ये सकाळपासून बायका बिरॉक भरत होत्या : पावाच्या पिठाचा उंडा थापायचा, त्यात परतलेला खिमा, कोबी आणि कांदा भरून तोंड मिटायचं, उलटं ठेवून भाजायचं. पुरण भरायची सवय असलेल्या माझ्या हाताला ते काम पहिल्या वर्षीच जमलं होतं आणि या घरात माझी पत तेव्हापासून आहे. शेवटी कलिंगड कापलं. माझे चुलत आजेसासरे, वय अठ्ठ्याऐंशी, फोड उचलून सवयीने म्हणाले, "आर्बूस." समोरून बाई एकदम म्हणाल्या, "आर्बूस!" आणि मग ते दोघं बोलायला लागले. ना इंग्रजी, ना स्पॅनिश, ना पुस्तकी जर्मन. अडीचशे वर्षांपूर्वी निघालेली ती खेडवळ बोली. एक वाक्य कॅन्ससचं, एक आर्जेन्टिनाचं, आणि अडखळणं जवळजवळ नाहीच. कलिंगडाचा रस आटवून आजी पाक कसा करायची, हे त्या हातवारे करत सांगत होत्या आणि मला आपली काकवी डोळ्यांसमोर येत होती. आर्बूस हा शब्द रशियनमधून त्यांच्या बोलीत आला, रशियनमध्ये तो फारसीच्या वाटेने आला, आणि त्याच वाटेवरचं आपलं खरबूज. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा तिने पुढची फोड घेताना तिन्ही शब्द म्हणून पाहिले.

आजोबांच्या मुलांना मात्र ती बोली येत नाही. शाळेत इंग्रजी, घरात बोली, असं त्यांचं बालपण. आपल्या मुलांना शाळेत त्रास नको म्हणून त्यांनी घरातही इंग्रजीच धरली. कॅन्सस विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या गावांत फिरून बोली ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत आणि गावागणिक उच्चार बदलतो हेही नोंदवलं आहे. ते मोलाचं काम आहे. पण त्या दुपारी आजोबा ज्या वेगाने बोलत होते तो वेग ध्वनिमुद्रणात येत नाही, त्याला समोर माणूस लागतो. त्यांची साठीची मुलगी मागे उभी राहून ऐकत होती. "बाबा इतकं बोलतात हे मला माहीतच नव्हतं," एवढंच ती म्हणाली.

आता त्या कागदाबद्दल. हॉलच्या लांब भिंतीशी सहा टेबलं जोडून आतेसासूबाईंनी वंशावळ पसरली होती, बत्तीस फूट लांब. त्या शाळामास्तरीण होत्या, आता एकोणऐंशीच्या आहेत, आणि हा कागद त्यांच्या चाळीस वर्षांच्या चिकाटीतून वाढला आहे. सुरुवात त्यांच्या आईच्या पाकिटापासून. भावंडं पांगली तेव्हा आईने एक जाड पाकीट सुरू केलं. ते ठरलेल्या क्रमाने घरोघर फिरायचं. आपल्याकडे आलं की सगळ्यांची पत्रं वाचायची, आपलं मागच्या फेरीचं पत्र काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि दहा दिवसांत पुढे पाठवायचं. बाळंतपणं, दुखणी, गव्हाचा भाव, सगळं त्यात. काढून घेतलेली जुनी पत्रं प्रत्येक घरी साठत गेली. आईच्या पश्चात आत्याबाईंनी घरोघर जाऊन ती गोळा केली आणि तारखा जुळवायला बसल्या.

अमेरिकेतला भाग असा भरला. पण मागे राहिलेल्या थोरल्या भावाची फांदी १९३३ वर येऊन थांबत होती. त्या वर्षी व्होल्गाकडे दुष्काळ होता. शेवटच्या पत्रात पीठ संपल्याचं लिहिलं होतं आणि नंतर पत्र आलं नाही. परदेशात पत्रव्यवहार असणं हाच तिथे गुन्हा ठरू लागला होता. पुढे २८ ऑगस्ट १९४१ च्या हुकुमाने व्होल्गाकाठच्या जर्मनांना सरसकट उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेलं. बायाबापड्यांनाही कष्टाच्या छावण्यांत धाडलं. गावंच्या गावं रिकामी झाली. कॅन्ससमधल्या नातेवाइकांना यातलं काही कळायला मार्ग नव्हता. आजेसासूबाई म्हणे दर नाताळला एक ताट जास्तीचं मांडायच्या.

दुवा सापडला तो गावाच्या नावामुळे. नेब्रास्कातल्या लिंकन शहरात रशियातून आलेल्या जर्मनांची इतिहास संस्था आहे, १९६८ मध्ये स्थापन झालेली. तिथे जुन्या एकेका गावासाठी एकेक स्वयंसेवक असतो आणि त्या गावातल्या सगळ्या घराण्यांची माहिती तो सांभाळतो. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. आडनावं चुकीची लिहिली जातात, देश बदलतात, पण "तुमचं गाव कुठलं" याचं उत्तर म्हातारी माणसं चुकवत नाहीत. आत्याबाईंनी फायफरच्या स्वयंसेवकाकडे तीन भावांची नावं दिली होती. काही वर्षांनी त्याच गावाची चौकशी करत जर्मनीतून एक पत्र आलं.

ते पाठवणारी बाई या वेळी आमच्याबरोबर जेवायला होती. जन्म कझाकस्तानातल्या करागांडाचा. नव्वदच्या दशकात आईवडिलांसह जर्मनीत आली, आता कासेलजवळ राहते. तिच्याकडे आजीने वहीच्या पानावर लिहिलेली जन्ममृत्यूंची यादी होती, रशियन अक्षरांत. १९४१ ते १९४४ मधल्या ओळी सर्वांत दाट. यादीच्या डोक्यावर तीन नावं होती. थोरल्याच्या पुढे काही लिहिलेलं नव्हतं, बाकी दोघांच्या पुढे एकेक शब्द : अमेरिका, आर्जेन्टिना. म्हणजे तिकडच्या आजीनेही दोघांना यादीतून वगळलं नव्हतं. आत्याबाईंनी ते पान कागदाच्या तुटलेल्या फांदीवर ठेवलं. मग त्या दोघी आणि आर्जेन्टिनाच्या बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या, आणि स्पॅनिश-इंग्रजीच्या मध्ये दुभाषा म्हणून उभं असलेलं माझ्या नणंदेचं पोरगं रडायला लागलं.

मी माझ्या माहेरचा कुलवृत्तांत बरोबर नेला होता. बाबांनी जपलेली, निळ्या कापडी बांधणीची प्रत. आत्याबाईंनी पान न् पान उलटलं. मराठी येत नसूनही मांडणी त्यांना लगेच कळली. बोट एका ठिकाणी थांबलं. "ही तू का?" मी होते : बाबांच्या नावाखाली, 'कन्या' म्हणून, नाव आणि जन्मसाल. "आणि तुझ्यापुढे?" पुढे काही नाही, कारण आमच्या कुलवृत्तांतात मुलींची ओळ लग्नाशी थांबते. माझ्या आत्या, त्यांची मुलं, ज्यांच्याकडे माझ्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्या, ती माणसं त्या जाड ग्रंथात कुठेच नाहीत. मला हे लहानपणापासून माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते टोचलं, आणि बाबा आज असते तर मी त्यांच्याशी यावर भांडले असते.

आत्याबाईंनी मला कागदाच्या डाव्या टोकाकडे नेलं. रशियात १७९८ मध्ये झालेल्या शिरगणतीत प्रत्येक विवाहितेचं माहेरचं आडनाव आणि बऱ्याच ठिकाणी माहेरचं गावही लिहिलेलं आहे. "त्या नोंदी नसत्या तर मला निम्मी माणसं सापडली नसती," त्या म्हणाल्या. सगळ्यांचीच नावं योहानेस आणि आना मारिया; वेगळं काढायचं तर बायकोच्या माहेराकडूनच. म्हणून त्यांच्या कागदावर प्रत्येक मुलीची फांदी चालू राहते आणि प्रत्येक सुनेच्या नावाशी तिचं गाव असतं. माझ्या नावाशी नुसतंच 'इंडिया' होतं. ते त्यांनी माझ्यासमोर पेन्सिलीने खोडलं.

मी सांगितलं, गुहागर. एकेक अक्षर सांगून लिहून घेतलं. मग वडिलांचं नाव, त्यांच्या वडिलांचं. हे सगळं निळ्या पुस्तकात होतं, आठ पिढ्या मागेपर्यंत. मग त्यांनी पेन्सिल वर धरून विचारलं, "आईचं गाव? आणि तिच्या आईचं?"

आईचं माहेर देवरुख, तेवढं मला येत होतं. आजीचं येत नव्हतं.

हेजमध्ये रात्रीचे साडेआठ वाजले होते, म्हणजे पुण्यात सकाळचे सात. मी बाहेर पार्किंगमध्ये येऊन फोन लावला. आत कोणीतरी अकॉर्डियन सुरू केलं होतं. आईला वाटलं काही बरंवाईट झालं. मी म्हटलं, तसं काही नाही, इथल्या आत्याबाई विचारतायत, आजीचं माहेर कुठलं आणि तिच्या आईचं कुठलं, त्यांना लिहून हवंय.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग खुर्ची सरकल्याचा आला.

"थांब, चष्मा घेते," आई म्हणाली. "माईच्या मावश्यांचीपण सांगू ना?"