मांतोव्हा: चित्रकार, त्यांचे धनी आणि मापाचा एक दोरा

चित्रं बघत इटलीत फिरताना आपण चित्रकाराचं नाव वाचतो, साल वाचतो आणि पुढच्या चित्राकडे वळतो. ते चित्र कोणी करवून घेतलं, विसार किती दिला, उरलेल्या पैशांसाठी कोणी कोणाचे उंबरे झिजवले, हे शेजारच्या पाटीवर क्वचितच असतं. मांतोव्हाला मला जायचं होतं ते या दुसऱ्या हिशेबासाठी. तिथल्या गोंझागा घराण्याचा पत्रव्यवहार टिकून राहिला आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकातले चित्रकार आणि त्यांचे धनी यांच्यातली घासाघीस, रुसवे आणि तगादे त्यात त्यांच्याच तोंडून ऐकू येतात.

माझी मावसबहीण, म्हणजे ताई, व्हेरोनाला राहते, म्हणून सुरुवात तिथूनच केली. सान झेनो चर्चच्या मुख्य वेदीवर आंद्रेआ मान्तेन्याचं मोठं चित्र आहे: मधे मेरी आणि बाळ, दोन्ही बाजूंना संत, वर फळांच्या जड माळा. खालची तीन छोटी चित्रं नेपोलियनच्या काळात फ्रान्सला गेली, आता तिथे नकला आहेत. मांतोव्हाची गोष्ट या चित्रापाशी सुरू होते. मान्तेन्या सुताराचा मुलगा, पादुआत नावारूपाला आलेला. मांतोव्हाचा मार्केझे, म्हणजे तिथला राज्यकर्ता, लुदोव्हिको गोंझागा याला तो आपल्या दरबारी हवा होता. 1458 सालच्या पत्रात त्यानं सगळं स्पष्ट लिहून दिलं: महिना 15 डुकाट (सोन्याची नाणी), राहायला घर, सहा माणसांना पुरेल एवढा गहू आणि जळण. मान्तेन्या येतो म्हणाला, पण हातातलं सान झेनोचं काम काही संपेना. लुदोव्हिको पत्रं पाठवत राहिला, मुदत वाढवून देत राहिला. 1460 मध्ये चित्रकार एकदाचा मांतोव्हात दाखल झाला आणि मरेपर्यंत गोंझागांच्याच चाकरीत राहिला.

व्हेरोनाहून मांतोव्हाला लोकल गाडीनं तासाभरात पोहोचता येतं. शेवटी शेवटी रूळ पाण्याच्या कडेनं धावू लागतात, कारण मिन्चो नदीच्या तीन तळ्यांनी हे गाव तीन बाजूंनी वेढलेलं आहे. आम्ही गेलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि किल्ल्याचे चार बुरूज त्यातून अर्धेच दिसत होते. पियात्सा सोर्देल्लो ओलांडून थेट राजवाड्यात गेलो. राजवाड्याच्या सान जोर्जो किल्ल्यातल्या, मान्तेन्यानं रंगवलेल्या खोलीत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, तीही मोजक्या वेळासाठी, त्यामुळे आधी तीच गाठावी.

खोली जेमतेम आठ मीटर लांब आणि तेवढीच रुंद. खिडकीच्या कडेला जणू कोरल्यासारखी रंगवलेली तारीख आहे, 16 जून 1465. दारावर पंखवाल्या बाळांनी धरलेल्या पाटीवर पूर्ण झाल्याचं साल आहे, 1474. एवढ्याशा खोलीला नऊ वर्षं लागली. त्या पाटीवर मान्तेन्यानं लॅटिनमध्ये लिहिलंय की लुदोव्हिको आणि त्याची पत्नी बार्बरा यांच्या गौरवासाठी ‘त्यांच्या’ आंद्रेआनं हे किरकोळ काम पुरं केलं. मी त्या ओळीखाली बराच वेळ उभी राहिले. पाटीवर इतकी नम्रता, आणि भोवतालच्या भिंतींवर असं काम की ज्याला तोपर्यंत जोड नव्हती.

शेकोटीच्या वर लुदोव्हिको घरच्या झग्यात बसलाय, हातात उघडलेलं पत्र, कारभारी कानाशी वाकलेला. खुर्चीखाली त्याचा लाडका कुत्रा रुबिनो. बार्बरा रुंद, करारी चेहऱ्याची, कुठेही गोड केलेली नाही. आजूबाजूला मुलं, दरबारी, एक ठेंगणी बाई, जी थेट आपल्याकडे बघते. छतात मधोमध गोल आकाश रंगवलंय. त्याच्या कठड्यावरून बायका खाली डोकावून हसताहेत, उघडी बाळं कठड्याच्या आतल्या बाजूला कशीबशी तोल सांभाळून उभी आहेत, आणि झाडाची एक जड कुंडी फक्त एका दांड्याच्या आधारावर टेकवलेली आहे. ती कुंडी बरोबर मालकाच्या दरबाराच्या डोक्यावर टांगून ठेवण्याची मुभा मान्तेन्याला मिळाली होती, याचं मला राहून राहून अप्रूप वाटलं. पश्चिमेच्या भिंतीवर, रंगवलेल्या खांबावरच्या पानाफुलांत त्यानं स्वतःचा चेहराही दडवलाय. तो शोधावा लागतो. ताईला आधी दिसला, मग तिनं मला बोट दाखवून दाखवला. कपाळावर आठी, ओठ मिटलेले, चेहरा पानांइतकाच मोठा.

या भिंतींवरून मोठं राजकारण झालं होतं. लुदोव्हिको मिलानच्या ड्यूकचा सेनापती म्हणून पगार घेत होता. 1475 मध्ये ड्यूक गालेआत्सो मारिया स्फोर्त्सा याच्या कानावर गेलं की या खोलीत सम्राट आहे, डेन्मार्कचा राजा आहे, आणि आपण मात्र नाही. तो भडकला. लुदोव्हिकोनं आपल्या वकिलाला जे उत्तर कळवलं ते वाचण्यासारखं आहे: मान्तेन्या बाकी कामात पक्का उस्ताद आहे, पण चेहऱ्यांमध्ये आणखी थोडं लालित्य असतं तर बरं झालं असतं, आणि खुद्द ड्यूकनंच मान्तेन्यानं काढलेले आपले चेहरे नावडून जाळायला लावले होते, म्हणून पुन्हा काढायचं धाडस केलं नाही. आपल्या चित्रकाराची उणीव कबूल करूनही त्या चित्रकाराला भिंत खरवडायला न लावणारा धनी मला फार मोठा वाटतो. पैशाची बाजू मात्र लंगडीच होती. मान्तेन्याचा पगार थकत असे, तो तक्रारी करत असे. 1478 मध्ये लुदोव्हिकोनं त्याला उलट लिहिलं की आमचेच दागिने गहाण पडलेत. त्याच वर्षी लुदोव्हिको वारला.

त्याचा मुलगा फेदेरिको यानं पुढे एक फार शहाणं वाक्य लिहून ठेवलं. मिलानच्या डचेसनं मान्तेन्याकडून एका चेहऱ्याची लहान प्रत मागवली आणि मान्तेन्यानं साफ नकार दिला. तेव्हा 1480 मध्ये फेदेरिकोनं तिला कळवलं की असे थोर उस्ताद जरा लहरी असतात, त्यांच्याकडून जे मिळेल ते घ्यावं.

फेदेरिकोच्या सुनेला हे मान्य नव्हतं. इझाबेल्ला देस्ते 1490 मध्ये, पंधरा वर्षांची असताना, फेर्राराहून लग्न होऊन इथे आली. आपल्या खासगी अभ्यासिकेसाठी, म्हणजे ‘स्तुदिओलो’साठी, तिला इटलीतल्या सगळ्या उत्तम चित्रकारांचं एकेक चित्र हवं होतं. तेही तिनं सांगितलेल्या विषयावर, तिनं ठरवलेल्या मापाचं. सासऱ्यांच्या आणि आजेसासऱ्यांच्या चित्रकाराशी तिची पहिली चकमक 1493 मध्ये झाली: मान्तेन्यानं काढलेलं आपलं चित्र तिनं नापसंत केलं, त्यात आपलं काहीच उतरलेलं नाही म्हणून.

ती अभ्यासिका आधी किल्ल्याच्या छोट्या बुरुजात होती. नवरा 1519 मध्ये गेल्यावर तिनं ती जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर हलवली, आणि आज आपण बघतो ती हीच जागा. लाकडी जडावकामाची कपाटं, सोन्यानं मढवलेलं छत, बाहेर छोटी बंदिस्त बाग, आणि तिचं ब्रीदवाक्य: ना आशा, ना भीती. चित्रं मात्र इथे नाहीत. ती सतराव्या शतकात कार्डिनल रिशल्यूकडे गेली, आता पॅरिसच्या लूव्रमध्ये आहेत.

चित्रकार पेरुजिनोचं प्रकरण मला सगळ्यांत त्रासदायक वाटतं. जानेवारी 1503 मध्ये फ्लोरेन्समध्ये करार झाला, 100 डुकाटांचा. विषय शील आणि कामवासना यांची लढाई. एका बाजूला शीलाच्या देवता पॅलास आणि डायना, दुसऱ्या बाजूला प्रेमाचे देव व्हीनस आणि क्युपिड, मागे कोणत्या कथा, कोणत्या झाडावर घुबड बसवायचं, सगळं लिहून दिलेलं. आकृत्या जास्त वाटल्या तर कमी करायची परवानगी, पण पदरचं काही घालायची सक्त मनाई. पुढे तिनं एका कागदाला दोरा गुंडाळून पाठवला. कागद आणि दोरा मिळून मान्तेन्याच्या चित्रातल्या सर्वांत मोठ्या आकृतीची उंची भरत होती, आणि पेरुजिनोचं चित्र त्याच्याच शेजारी लागणार होतं. मधेच तिला खबर लागली की व्हीनस उघडी काढलीय, त्यावर वेगळं पत्र. 1505 मध्ये चित्र पोहोचलं. तिनं पैसे दिले आणि कळवलं की आणखी मेहनतीनं पुरं केलं असतं तर तुमची शोभा वाढली असती आणि आमचं समाधान झालं असतं. शिवाय तैलरंगात हवं होतं. मी ते चित्र लूव्रमध्ये पाहिलंय. बारीक बारीक माणसं अख्ख्या मैदानभर पसरलेली आणि डोळा कुठेच ठरत नाही. दोष एकट्या पेरुजिनोचा आहे असं मला वाटत नाही.

चित्रकार बेल्लिनी व्हेनिसचा, मान्तेन्याचा मेहुणा. त्यानं 25 डुकाट विसार घेतला आणि चालढकल सुरू केली. मान्तेन्याच्या चित्राशेजारी आपलं चित्र तुलनेला लागणार, हे त्याला नकोच होतं. इझाबेल्लानं व्हेनिसच्या डोजेपर्यंत, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखापर्यंत, जाऊन विसार परत मिळवायची तयारी केली. अखेर 1504 मध्ये त्यानं तिला हवं ते सोडून ख्रिस्तजन्माचं चित्र पाठवलं, आणि तिनं ते 50 डुकाटांना घेतलं. नंतर पुन्हा विषयाची बोलणी निघाली तेव्हा कवी पिएत्रो बेम्बोनं 1 जानेवारी 1506 ला तिला समजावलं की या माणसाला फार काटेकोर हद्दी घालू नयेत, त्याला चित्रात मनाला येईल तसं हिंडायची सवय आहे. लिओनार्दोनं तर हातावर तुरीच दिल्या. 1500च्या सुमारास मांतोव्हातून जाताना त्यानं तिचा एका बाजूनं चेहरा काढला, रंगवून देतो म्हणाला. 1501 मध्ये तिच्या वतीनं एका साधूनं फ्लोरेन्समध्ये त्याला गाठलं, तर उत्तर आलं की तो भूमितीत गुंतलाय आणि कुंचल्याला अगदी कंटाळलाय. रंगीत चित्र तिला कधीच मिळालं नाही.

तिला नुसती हट्टी ठरवून मी मोकळी होणार नाही. तिच्या हातात मिलानची किंवा रोमची तिजोरी नव्हती. नवरा व्हेनिसच्या कैदेत होता तेव्हा राज्य तिनं चालवलं, दागिने तिनंही गहाण टाकले. विद्वान बाई म्हणून आपली ओळख भिंतीवर उभी करायची होती आणि त्यासाठी पत्र हेच तिचं हत्यार होतं. पण वरच्या मजल्यावरची ती कुंडी आणि खालच्या मजल्यावरचा तो दोरा एकाच दुपारी आठवले की माझं मन कुणीकडे झुकतं ते लपत नाही.

दुपारी पियात्सा देल्ले एर्बेच्या कमानीखाली लाल भोपळ्याचं सारण भरलेली तोर्तेल्ली खाल्ली. गोडसर, त्यात बदामाच्या बिस्किटांचा चुरा आणि वर लोणी. तिथून चालत मान्तेन्याच्या घरी गेलो. 1476 पासून त्यानं ते बांधलं: बाहेरून विटांचा साधा चौकोन, आत अचूक गोल चौक. मधोमध उभं राहून वर पाहिलं की आकाशाचा गोल दिसतो. राजवाड्यातल्या छतावर त्यानं जे रंगवलं ते इथे विटांत आहे. हा माणूस दरबारी चाकर होता, पण आपल्या पायरीबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

म्हातारपणी मात्र कर्ज झालं. जानेवारी 1506 मध्ये त्यानं इझाबेल्लाला लिहून आपला जिवापाड जपलेला रोमन पुतळा, सम्राज्ञी फाउस्तिनाचं डोकं, 100 डुकाटांना देऊ केलं. तिनं माणूस पाठवून भाव पाडून पाहिला. तो खाली येईना. शेवटी ऑगस्टमध्ये पुतळा त्याच्या हातातून गेला आणि 13 सप्टेंबरला तो वारला. फाउस्तिना म्हणून ओळखलं जाणारं ते संगमरवरी डोकं राजवाड्यात आहे. तिथे मी थांबले, पण ताई थांबली नाही. तिला ते बघवेना.

सांत आंद्रेआ चर्च वास्तुकार आल्बेर्तीनं आखलेलं, आत शिरताच छातीत धस्स व्हावं एवढं उंच. डाव्या हाताला पहिलंच दालन मान्तेन्याच्या समाधीचं. ब्राँझचा चेहरा, डोक्यावर पानांचा मुकुट, खाली लॅटिनमध्ये कोरलंय की हा प्राचीन ग्रीक चित्रकार अपेल्लीसच्या तोडीचा समज, वरचढ नाही म्हटलंस तरी.

याच चर्चमध्ये एका अनामिक चित्रकाराचं चित्र आहे, आणि मांतोव्हातलं मला सगळ्यात जास्त हादरवणारं चित्र तेच. वर मेरी आणि संत, एका संताच्या हातात चर्चची प्रतिकृती. अगदी तळाला चार माणसं, दोन पुरुष, दोन बायका, खिन्न चेहऱ्यांची. पुरुषांच्या अंगावर ज्यूंनी लावायची खूण. हे दानिएले दा नोर्साचं कुटुंब. या सावकारानं विकत घेतलेल्या घराच्या भिंतीवर मेरीचं चित्र होतं. बिशपची रीतसर परवानगी काढून त्यानं ते काढलं. 1495 मध्ये लोक खवळले. मार्केझे फ्रांचेस्को, इझाबेल्लाचा नवरा, तेव्हा नुकताच फ्रेंचांविरुद्ध फोर्नोव्होची लढाई लढला होता आणि विजयाचं नवस फेडायचं होतं. त्यानं फर्मान काढलं: मान्तेन्या मेरीचं मोठं चित्र करील आणि 110 डुकाट नोर्सा भरील. नोर्सानं भरले. नंतर त्याचं घरही पाडलं गेलं आणि त्या जागेवर दुसरं एक चर्च उभं राहिलं.

“अगं, मग चित्र कोणाचं म्हणायचं?” ताईनं विचारलं. मी म्हटलं, “पाटीवर तरी फ्रांचेस्कोचं.”

जाणाऱ्यांसाठी: राजवाडा सोमवारी बंद असतो आणि मान्तेन्याच्या खोलीची वेळ आधी राखून ठेवावी लागते. व्हेरोनात एक रात्र काढून सान झेनो आधी पाहिलंत तर उत्तम. पॅरिसला जाणं झालं तर इझाबेल्लाच्या अभ्यासिकेतली चित्रं लूव्रमध्ये भेटतील, आणि नोर्साच्या पैशांतून मान्तेन्यानं काढलेलं ते मोठं चित्र, ‘विजयाची मेरी’, हेही तिथेच आहे. त्यात चिलखत घालून गुडघे टेकलेला माणूस म्हणजे फ्रांचेस्को. नोर्साचा त्या चित्रात मागमूस नाही. त्याला बघायचं तर मांतोव्हालाच यावं लागतं.