टिचकी

गिटार घरी बनवायचं खूळ डोक्यात शिरलेला माणूस ओळखणं सोपं असतं. तो दिसेल त्या लाकडाला टिचकी मारतो. कपाटाचं दार, मोडक्या पलंगाची फळी, माल उतरवून टाकून दिलेलं खोकं, काहीही चालतं. जरा मुरलेला असेल तर फळी टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर दोन बोटांत सैल धरतो, कारण फळी वाजते तेव्हा तिथे ती जवळपास हलतच नाही आणि बोटांनी आवाज दबत नाही. मग मधोमध टिचकी, आणि कान फळीजवळ. ठण्ण वाजली की चेहरा उजळतो. थप्प वाजली की फळी परत भिंतीला.

टिचकीतून फळी आवाज किती लवकर गिळते ते कळतं. ती वाळली आहे का, तिच्या रेषा सरळ आहेत का, सहा महिन्यांनी ती होडीसारखी वाकेल का, हे टिचकीला विचारून उपयोग नाही. आणि गिटार बिघडते ती बहुतेक वेळा याच गोष्टींनी.

नवशिक्याचा निम्मा जीव पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडात अडकलेला असतो. शिसवच हवी, तीही गडद, जांभळट रेषांची. शिसव देखणी आहे यात वाद नाही. पण आंतोनिओ दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या करून एक गिटार बनवली. तबली, म्हणजे तारांखालची पुढची पातळ फळी, तेवढी लाकडाची. आवाज तबलीतून येतो, एवढंच त्याला दाखवायचं होतं. अमेरिकेतले गिटारकार बॉब टेलर यांनी १९९५ साली माल ठेवायच्या पॅलेटच्या ओक फळ्यांतून गिटार केली आणि वर फिंगरबोर्डावर, म्हणजे मानेवरच्या बोटं दाबायच्या पट्टीवर, फोर्कलिफ्टचं चित्र जडवलं. २०१८ साली तर इंग्लंडमधल्या संशोधकांनी फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं असलेल्या ६ गिटार घेतल्या आणि ५२ वादकांना वेल्डरचे गॉगल घालून त्या वाजवायला लावल्या. डोळे झाकल्यावर महाग लाकूड आणि स्वस्त लाकूड यांत वादकांना फारसा फरक करता आला नाही. त्यामुळे पहिल्या गिटारच्या पाठीला जुन्या कपाटाचं सागवान लावायलाही हरकत नाही. फक्त सागवान तेलकट असतं. डिंक लावायच्या ऐन आधी सांध्याच्या जागा ॲसिटोनने पुसल्या नाहीत तर सांधा दिसायला पक्का आणि ताण आला की मोकळा.

शोध घ्यायचाच तर तबलीच्या लाकडाचा घ्यावा. इथे स्प्रूस किंवा सीडर लागतं: हलकं, पण रेषेच्या दिशेने ताठ. मोठ्या अंगाच्या गिटारला साधारण २०५ मिलिमीटर रुंद आणि ५५० लांब असे दोन तुकडे हवेत. ४ मिलिमीटर जाडीचे मिळाले तर उत्तम, कारण जोडल्यावर रंधून ते पावणेतीनच्या आसपास आणायचे असतात. दोन्ही तुकडे एकाच फळीतून, पुस्तक उघडावं तसे उघडलेले. फळीचं टोक पाहायचं: वाढीची वर्तुळं तिथे उभी, पृष्ठभागाशी काटकोनात दिसली पाहिजेत. आडवी दिसली तर फळी सोडून द्यावी. लाकूड वर्तुळांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसतं, आणि उभ्या वर्तुळांच्या फळीत ही कमी आकसणारी दिशा रुंदीला येते. दुसरी परीक्षा जरा निर्दय आहे. फळीच्या कडेचा एक टाकाऊ तुकडा पटाशीने फोडायचा. फूट पृष्ठभागाला समांतर गेली तर तंतू सरळ. तिरकी जाऊन फळीबाहेर निघाली तर तंतू कापले गेलेत. अशी तबली जोडल्यावर एक बाजू फिकट आणि दुसरी गडद दिसते, उलट फिरवली की रंगही अदलाबदल करतात. ताकद कमी पडते ती वेगळीच.

मोडीत निघालेल्या पियानोतून असं स्प्रूस मिळू शकतं. जुन्या दारांतून, पलंगांतून मानेसाठी लाकूड मिळतं. मात्र रंधा लावायच्या आधी प्रत्येक इंचावरून चुंबक फिरवावा. खिळ्याचं डोकं गेलेलं असतं, धड आत असतं, आणि ते सापडतं तेव्हा पात्याला खाच पडलेली असते. शिसव जातीचं लाकूड परदेशातून मागवायचं असेल तर परवान्याचे नियम आधी वाचावेत. २०१७ पासून ती अख्खी प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आहे. २०१९ मध्ये सूट मिळाली ती तयार वाद्यांना, फळ्यांना नाही.

आता वाळण्याचं. लाकूड घरी आणलं की लगेच कापायचा मोह होतो. तो आवरून फळ्यांच्या मध्ये काड्या घालून, हवा खेळेल असा ढीग रचावा, आणि प्रत्येक फळीवर पेन्सिलने तारीख आणि ग्रॅममध्ये वजन लिहावं. दर आठवड्याला पुन्हा वजन. उतरता आकडा दोन-तीन आठवडे एकाच जागी थांबला की फळी त्या खोलीच्या हवेशी जुळली. हे जगातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत फायद्याचं काम आहे.

खोलीची हवाही कुठली हवी ते ठरलेलं आहे: सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास. कारण असं. तबलीच्या आतल्या पट्ट्या तबलीच्या रेषांना आडव्या चिकटवलेल्या असतात. हवा कोरडी झाली की तबली रुंदीत आकसू पाहते, पट्टी मात्र लांबीत जवळपास आकसत नाही. ती तबलीला धरून ठेवते आणि तबलीला तडा जातो. दमट दिवसांत चिकटवलेल्या गिटारचं कोरड्या दिवसांत नेमकं हेच होतं. कोरड्या हवेत चिकटवलेली दमट दिवसांत फुगते, पण फुगलेलं उतरतं, तडा काही बुजत नाही. म्हणून चुकायचंच तर कोरडेपणाच्या बाजूला. आर्द्रता मोजायची स्वस्त यंत्रं सर्रास दहा-दहा टक्के खोटं दाखवतात. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखं ओलं करायचं आणि यंत्रासोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. पिशवीतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ६८ दाखवत असेल तर त्याच्या पाठीवर 'अधिक ७' असं लिहून टाकावं.

सुट्या भागांच्या बाबतीत एकच नियम पाळला तरी अर्धी डोकेदुखी वाचते: भाग हातात आल्याशिवाय त्याचं भोक पाडायचं नाही. गिटारच्या जगात इंच आणि मिलिमीटर शेजारी-शेजारी राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. आवाज कमी-जास्त करायच्या पॉटचा दांडा कुठे ६ मिलिमीटरचा, कुठे पाव इंचाचा म्हणजे ६.३५ चा, आणि त्यावर बसवायची मूठ नेमकी दुसऱ्या मापाची येते. खुंट्यांना कधी १० मिलिमीटरचं भोक लागतं, कधी पावणेनऊचं. इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजवर, म्हणजे तारा खाली जिथे अडकतात त्या भागावर, तारांमधलं अंतर एक असतं, पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या, खांबांमधलं दुसरं. आराखड्यावर लिहिलेल्या मापावर विसंबू नये, व्हर्नियर लावावा. आराखडा कागदावर छापून घेतला असेल तर त्यावरची १०० मिलिमीटरची रेघ आधी पट्टीने मोजावी. छपाईयंत्र 'पानात बसवण्याच्या' भरात ती ९७ ची करून ठेवतं आणि मग अख्खी गिटार तीन टक्के बारकी होते. खुंट्यांचे चिमुकले स्क्रू तर हमखास डोकं मोडून देतात. आधी योग्य जाडीचं भोक, मग त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा आतबाहेर, मग मूळ स्क्रूला मेण चोळून हलक्या हाताने. घाई केली की अर्धा स्क्रू कायमचा आत.

फ्रेट म्हणजे सतारीचे पडदेच, पण न सरकणारे. सतारीचा पडदा चुकला तर बोटभर हलवता येतो. इथे खाच चुकली की फळी गेली. गणित मात्र सोपं आहे. नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारा टेकायची पट्टी, तिथपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली तर तिला १७.८१७ ने भागायचं. पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ वर. उरलेल्या ६११.६३ ला पुन्हा १७.८१७ ने भागलं की ३४.३३, म्हणजे दुसरा ७०.७० वर. असं करत गेलं की बारावा बरोबर मध्यावर, ३२४ ला येतो. नाही आला तर बेरीज चुकली. गॅलिलिओचे वडील विंचेन्झो हे ल्यूटवादक. १५८१ साली त्यांनी यासाठी १८ हा आकडा सुचवला होता. पाठ करायला बरा, पण १८ ने भागलं तर बारावा फ्रेट दोन मिलिमीटरहून जास्त अलीकडे पडतो. खुणा करताना प्रत्येक अंतर नटपासूनच मोजायचं, आधीच्या फ्रेटपासून कधीही नाही. प्रत्येक खुणेत एक दशांश मिलिमीटर चुकला आणि चूक एकाच दिशेची असली, तर बाराव्यापर्यंत ती १.२ मिलिमीटर होते, आणि तेवढं बेसूर तयार कानाला खटकतं.

खाचेची रुंदी हा त्याहून नाजूक मामला. फ्रेटच्या तारेची पट्टी साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते आणि तिच्या अंगाला बारीक काटे असतात. खाच ०.५८ च्या आसपास हवी, म्हणजे काटे लाकडात रुततात आणि बाकीचं अंग सहज बसतं. अर्ध्या मिलिमीटरच्या खाचेत ठोकली तर प्रत्येक फ्रेट पाचरीचं काम करतो. २२ पाचरी मिळून मान मागे वाकवतात आणि मग ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी तिच्या आतली सळई, पिळून काही होत नाही. खाच ०.७ ची झाली तर फ्रेटची टोकं उचलतात आणि तळहाताला बोचतात. २२ फ्रेटना दीड मीटर तार पुरते. ही तार बहुधा जर्मन सिल्व्हरची असते, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदी नावापुरतीसुद्धा नाही. पहिल्या गिटारला खाचा कापलेला फिंगरबोर्ड सरळ विकत घ्यावा, त्यात कमीपणा नाही. फक्त त्याची लांबी आणि ब्रिजची जागा एकाच मापाची आहे ना, ते पाहावं. आणि स्टीलच्या तारांच्या गिटारचा सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी, गणिताने येतो तिथे बसवायचा नसतो. तार दाबली की ताणली जाऊन चढते, म्हणून तो पातळ तारेला २ आणि जाड तारेला ४-५ मिलिमीटर मागे सरकवतात. गिटारचा सॅडल तिरका दिसतो तो याच हिशोबाने.

अवजारांचा शोध सर्वांत मजेचा. बाजूंच्या आत चिकटवायच्या खाचदार पट्ट्या धरायला कपडे वाळत घालायचे चिमटे लागतात, एका गिटारला पन्नास-साठ. स्प्रिंग ढिली वाटली तर वरून रबरबँड गुंडाळायचा. तबलीच्या पट्ट्या दाबायला महागडे क्लॅम्प नकोत. टेबल आणि वरची मजबूत फळी यांच्यामध्ये बांबूच्या लवचीक कामट्या वाकवून बसवल्या की त्याच दाबून धरतात. सपाट पृष्ठभाग हवा तर जाड काच, तिच्यावर सँडपेपर चिकटवलेला. नटच्या खाचांच्या खास कानशी मिळाल्या नाहीत तर गॅस वेल्डिंगची नोझल साफ करायच्या काड्यांचा संच घ्यावा. वेगवेगळ्या जाडीच्या गोल, खरखरीत काड्या, जणू याच कामासाठी केलेल्या. बाजू वाकवायला तापवलेला पाइप. पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडाला पाहिजे. लाकूड २ मिलिमीटरपेक्षा जाड असेल किंवा हात घाई करत असेल तर कमरेच्या वळणाला ते मोडतंच. लाकूड सैल झाल्याचं हाताला कळतं, त्याआधी जोर लावायचा नाही.

ज्ञान कुठे मिळतं? मोडक्या गिटारमध्ये. कुणीतरी टाकून दिलेली एक आणावी, तापवलेली पातळ सुरी सांध्यात घालून पाठ उघडावी. पट्ट्या किती उंच, कुठे निमुळत्या केल्यात, ब्रिजखालची फळी केवढी, हे दहा आराखड्यांपेक्षा जास्त शिकवतं. अशा गिटारचा ब्रिज बहुतेकदा सुटलेला असतो, आणि खाली पाहिलं तर पॉलिश न खरवडताच त्यावर डिंक लावलेला दिसतो. डिंकाने पॉलिश धरलं, पॉलिशने लाकूड सोडलं.

मानेचा कोन तर डिंक लावायच्या आधी तीनदा तपासावा. फ्रेटवर ठेवलेली सरळ पट्टी ब्रिजच्या माथ्याला अलगद टेकली पाहिजे. चौदाव्या फ्रेटला मान जोडलेली असेल तर एका अंशाच्या चुकीने पट्टी ब्रिजपाशी ५ मिलिमीटर वर किंवा खाली जाते, आणि अख्खा ब्रिजच मुळात ९-१० मिलिमीटरचा असतो.

पॉलिशला चपडी पुरे. १०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये २५ ग्रॅम, विरघळायला एक रात्र, मग गाळून घ्यायची. जुनं द्रावण वापरण्याआधी काचेवर थेंब टाकून पाहावा. दुसऱ्या दिवशीही नख रुतलं तर फेकून द्यावं, नाहीतर गिटार कायमची चिकट.

स्टीलच्या तारा चढवल्या की तबलीवर ७०-७५ किलोचा ओढा येतो. पहिल्या दिवशी सूर तासातासाला उतरतो. ब्रिजच्या मागे तबली एखादा मिलिमीटर फुगते, तेवढं चालतं. ट्रस रॉडला दोन दिवस हात लावू नये. तिसऱ्या दिवशी पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून सातव्यावर तारेखाली फट पाहायची: पाव मिलिमीटर असेल तर मान ठीक. नसेल तर चावी एका वेळी अष्टमांश फेरा, आणि पुन्हा थांबायचं. तबलीला टिचकी मारून पाहायचा मोह तेव्हाही होतोच. तारा आधी हाताने दाबून धराव्यात, नाहीतर त्याच वाजतात.