मूळ थराचा गतिसदिश किती मानायचा?

एकच व्हिडिओ लहान आणि मोठ्या पडद्यांसाठी स्वतंत्रपणे साठवण्याऐवजी एकाच प्रवाहात थराथराने बसवायचा (तळाचा मूळ थर लहान चित्राचा, वरचे थर मोठ्या चित्राचे), ही स्केलेबल कॉम्प्रेशनची कल्पना २००७ मध्ये एच.२६४ या व्हिडिओ-कॉम्प्रेशन मानकाला जोडलेल्या एसव्हीसी (स्केलेबल व्हिडिओ कोडिंग) विस्तारात सविस्तर मांडली गेली. त्यात एन्कोडरचा, म्हणजे व्हिडिओ संकुचित करणाऱ्या प्रणालीचा, सर्वाधिक वेळ खाणारे काम म्हणजे मोशन एस्टिमेशन: चित्राचा प्रत्येक तुकडा (ब्लॉक) आधी साठवलेल्या संदर्भ फ्रेममध्ये कुठे सापडतो ते शोधणे. त्या सरकण्याचे माप म्हणजे गतिसदिश.

३५२ बाय २८८ पिक्सेलच्या चित्रात १६ बाय १६ चे ३९६ ब्लॉक असतात. प्रत्येक ब्लॉकसाठी चारही दिशांना १६ पिक्सेलपर्यंत संपूर्ण शोध घेतला, तर १०८९ जागा तपासाव्या लागतात आणि एका फ्रेममागे सुमारे ११ कोटी वजाबाक्या होतात. वरच्या थरात रुंदी-उंची दुप्पट झाली की ब्लॉक चौपट होतात, शिवाय तीच हालचाल दुप्पट पिक्सेल व्यापत असल्याने शोधाची कक्षाही वाढवावी लागते, आणि काम जवळपास सोळापट होते. म्हणून मूळ थराचा गतिसदिश दुप्पट करून वर वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे. एसव्हीसीमध्ये तशी सोयही आहे.

अडचण अशी की तो सदिश वस्तूची खरी हालचाल दाखवतोच असे नाही. ब्लॉकमधील फरक आणि सदिश लिहिण्यास लागणारे बिट यांची वजन दिलेली बेरीज किमान ठेवणारा सदिश एन्कोडर निवडतो. मूळ थराची गुणवत्ता कमी असेल, तर बिटांना जास्त वजन मिळते आणि खऱ्यापेक्षा स्वस्त सदिश जिंकतो. दुप्पट करताना त्याची चूकही दुप्पट होते, आणि पाव पिक्सेलची अचूकता अर्ध्या पिक्सेलवर येते. जाळीचे कुंपण लहान चित्रात पुसट होते, मोठ्या चित्रात पुन्हा उमटते; तिथे हा उसना सदिश हमखास फसतो.

त्यामुळे शेजारच्या ब्लॉकांच्या सदिशांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला येणारा), शून्य सदिश आणि दुप्पट केलेला सदिश हे तिन्ही उमेदवार तपासून, त्यांच्यात जितका मतभेद तितका शोध रुंद करणे मला शहाणपणाचे वाटते. तिघे जवळपास असतील, तर भोवतालच्या चार-आठ जागा पाहिल्या तरी बहुधा भागते. काळाच्या अक्षावरही हाच विचार लागू पडतो, कारण १६ फ्रेमच्या श्रेणीबद्ध गटात (ज्यात आधी दूरच्या फ्रेम आणि मग त्यांच्या मधल्या फ्रेम संकेतित होतात) काही फ्रेमचा संदर्भ १६ फ्रेम दूर, तर काहींचा अगदी लगतचा असतो. दोघांना एकच कक्षा देणे ही निव्वळ उधळपट्टी आहे.

मूळ थरात अंदाजानंतर उरलेला फरक वर आणून वजा करण्याची पद्धत वापरली, तर शोधही तो फरक वजा केलेल्या ब्लॉकवरच घ्यायला हवा. अन्यथा आधी उत्तम ठरलेला सदिश वजाबाकीनंतर कमअस्सल निघू शकतो. ही बाब सहज निसटते.

तरीही हे सारे उपाय मुख्यतः वेळ वाचवतात. गुणवत्तेचा प्रश्न मूळ थराच्या निर्णयातच दडलेला आहे, असे माझे मत आहे. हायको श्वार्त्स आणि थॉमस वीगांड या व्हिडिओ-कॉम्प्रेशन संशोधकांनी २००७ मध्येच मूळ थराची निवड वरच्या थराचा खर्च धरून करण्याची पद्धत मांडली: खालचा थर किंचित नुकसान सोसतो आणि वरच्या थराचे बिट वाचतात. पुढे २०१४ च्या एसएचव्हीसीने (एच.२६४ नंतरच्या एचईव्हीसी मानकाच्या स्केलेबल विस्ताराने) ब्लॉक पातळीवरची वेगळी साधने टाळून मोठे केलेले मूळ थराचे चित्रच संदर्भ-यादीत (अंदाजासाठी वापरता येणाऱ्या चित्रांच्या यादीत) ठेवले आणि त्याकडे जाणारा सदिश शून्यच असावा असे बंधन घातले, पण मूळ थराचे गतिक्षेत्र, म्हणजे त्याच्या सर्व ब्लॉकांचे सदिश, उमेदवार म्हणून कायम राखले.