तुम्ही विचारलंत म्हणून: हो, आईला एनिमा मीच देतो

आत्या, दोन्ही मावश्या, खालच्या काकू, सगळ्यांचं एकच, मुलगा असून आईला एनिमा देतोस, कसंतरी नाही वाटत? बाई ठेव ना. तर एकदाच लिहितो.

बाई ठेवली होती. दार सताड उघडं ठेवून गाऊन वर करायची. चौथ्या दिवसापासून आईने जेवणच कमी केलं, म्हणजे जायलाच नको. पार्किन्सनमध्ये आतडी आधीच सुस्त, त्यात पोटात अन्न-पाणी नाही, मग काय होणार.

आणि हो, कसंतरी वाटायचं. पहिल्या वेळी मी नजर भिंतीकडे लावून नोझल घालत होतो, लाज तिची राखायची म्हणून. खरं तर माझी. न बघता घालणं किती धोक्याचं हे नंतर कळलं. आता डाव्या कुशीवर वळवतो, कारण मोठ्या आतड्याचं शेवटचं वळण डावीकडे असतं, उजवा गुडघा पोटाशी, खाली मेणकापड, नोझलला जेली, ती तोंडाने लांब श्वास सोडते तेव्हाच हळू सरकवायचं, अडलं की थांबायचं, जोर नाही. मी दाबत असतो आणि ती विचारते मेथी कितीला आणलीस.

पण तुम्हाला मे महिन्यातलं माहीत नाही, कारण मी कुणाला सांगितलंच नाही. पाच दिवस पोट साफ नव्हतं, मधेच थोडं पातळ पाणी गळायचं. मला वाटलं जुलाब, म्हणून जुलाब थांबवायची गोळी दिली!! घट्ट शौचाचा खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ झिरपतं, हे मला कुठे ठाऊक. मग मेडिकलमधून फॉस्फेटच्या एनिमाची तयार बाटली आणली, दिली. तासभर काही नाही. पाणीसुद्धा बाहेर आलं नाही. मी दुसरी दिली. संध्याकाळी तिची बोटं आखडली, ओठांना मुंग्या, मी म्हटलं पार्किन्सनच असेल, आणि त्या नादात आणखी दोन तास घालवले. हॉस्पिटलात रक्त तपासलं तर फॉस्फेट वर, कॅल्शियम खाली. दोन्ही बाटल्यांचं औषध आतच राहून रक्तात गेलेलं, आणि तिचं क्रिएटिनिन आधीपासून वाढलेलं, म्हणजे किडनी आधीच कमजोर. डॉक्टर एवढंच म्हणाले, बाटलीवर लिहिलेलं वाचलंत का? २४ तासांत एकापेक्षा जास्त नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१४ मध्येच हा इशारा दिला होता, वय ५५ च्या पुढे आणि किडनी कमजोर असेल तर जास्तच जपा म्हणून. आई ७८ ची.

तेव्हाचा मी अजून वाद घालतो, की तिचे हाल बघवत नव्हते. बरोबर आहे. पण अक्षरं वाचायला किती वेळ लागला असता?

आता फॉस्फेट बंद. रोज लॅक्टुलोज, म्हणजे शौच मऊ करणारं पातळ औषध, लागलं तर ग्लिसरीनची कांडी, आणि एनिमा फक्त डॉक्टरांनी ठरवून दिला तोच, तेवढाच. दुखलं, रक्त दिसलं, उलटी झाली किंवा आत गेलेलं बाहेर आलंच नाही, तर पुढचा प्रयोग न करता फोन.

बाईचं परवा मीच विचारलं आईला. चांगली, वयस्क, दार लावणारी बघू का म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आधी हात गरम पाण्यात धूत जा, गार असतात तुझे.