सावंतवाडीतील तीन दिवस : पाच मैत्रिणी, पाच चिठ्ठ्या आणि लाखेचा करंडा

एकमेकींचे प्रवासलेख, पाककृती आणि क्वचित वादही वाचत आम्हा पाच जणींची सहा-सात वर्षे गेली होती. तरीही आमच्यापैकी तिघींनी एकमेकींना प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. पुणे, ठाणे, नागपूर आणि बेळगाव अशा चार दिशांना आम्ही विखुरलेल्या असल्याने भेटायचे कोठे यावर बराच खल झाला. शेवटी पाचवीने, म्हणजे कुडाळच्या मैत्रिणीने, सावंतवाडीचे नाव काढले. तिचे म्हणणे असे की गप्पा कोठेही होतील, परंतु बाजारात रेंगाळण्याची सर्वांचीच हौस भागवणारे आणि पायी फिरता येईल एवढेच असलेले दुसरे गाव शोधून सापडणार नाही. निघण्यापूर्वी आम्ही पाच नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. जिच्या नावाची चिठ्ठी येईल तिच्यासाठी पाचशे रुपयांच्या आत एक भेटवस्तू घ्यायची आणि ती वस्तू कशाची आहे व कशी केली जाते हे देणारीला सांगता आले पाहिजे, एवढीच अट होती. या अटीमुळे आमची खरेदी फार सावकाश झाली, आणि या वृत्तांतातील निम्मी माहिती त्या सावकाशपणातूनच मिळालेली आहे.

आम्ही नोव्हेंबरच्या अखेरीस गेलो. पाऊस संपलेला, डोंगर अजून हिरवे आणि पर्यटकांची नाताळची गर्दी सुरू व्हायची आहे, असा तो काळ आहे. मुंबईकडून येणाऱ्यांसाठी दादर-सावंतवाडी तुतारी एक्सप्रेस सोयीची असून केशवसुतांच्या कवितेवरून नाव मिळालेल्या गाडीने लिहिणाऱ्या बायकांनी प्रवास करावा हेही आम्हाला शोभूनच दिसले. मात्र ही गाडी दादरहून मध्यरात्र उलटल्यावर काही मिनिटांतच सुटते, त्यामुळे शुक्रवारी रात्री निघायचे असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचे काढावे लागते. आमच्या ठाण्याच्या मैत्रिणीने, जी एरवी आम्हा सर्वांच्या प्रवासाचे वेळापत्रक तपासून देते, नेमकी हीच चूक केली. ती प्रवासाच्या चार दिवस आधी लक्षात आल्यामुळे आम्हा तिघींना बसून प्रवास करण्याच्या डब्यात जागा मिळवण्याची धावपळ करावी लागली. तारीख दोनदा पाहावी, आणि दुसऱ्या वेळी ती दुसऱ्या कोणाला तरी पाहायला सांगावी.

सावंतवाडी रोड हे स्थानक गावात नसून मळगावला आहे, तेव्हा उतरल्यावर आणखी काही किलोमीटरचा रिक्षाचा प्रवास उरतो आणि त्याचे भाडे बसण्यापूर्वी ठरवून घेणे बरे. बेळगावची मैत्रीण एसटीने आंबोली घाट उतरून आमच्या आधीच पोहोचली होती. घाटातील वळणांचा त्रास होणाऱ्यांनी रिकाम्या पोटी बसू नये, असा तिचा निरोप मी येथे नोंदवून ठेवते. विमानाने येणाऱ्यांना पेडणे तालुक्यातील मोपा विमानतळ जवळ पडतो.

मुक्काम मोती तलावाच्या जवळ घेतला, हा निर्णय सर्वांत उत्तम ठरला. हा तलाव १८७४ साली बांधलेला असून गाव त्याच्याभोवतीच वसल्यासारखे वाटते. एका बाजूला राजवाडा, दुसऱ्या बाजूला बाजारपेठ, आणि मागे नरेंद्र डोंगराची गर्द रेघ. संध्याकाळी तलावाच्या कठड्यावर बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत आम्ही एकमेकींना केवळ न्याहाळत होतो. लिखाणात अत्यंत तिखट असलेली नागपूरची मैत्रीण प्रत्यक्षात इतक्या हळू बोलते की तिला दोनदा विचारावे लागते, ही त्या संध्याकाळची पहिली बातमी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चितार आळीत गेलो. लाकडी खेळण्यांसाठी नाव असलेली ही आळी लहान आहे. न थांबता चालल्यास दहा मिनिटांत संपेल. आम्हाला त्यासाठी सबंध सकाळ आणि पुन्हा संध्याकाळ लागली. दुकानांच्या दर्शनी भागात रंगवलेली लाकडी फळे परड्यांत मांडलेली असतात. त्यांत केळी, आंबे, सीताफळ, कारले, मिरच्या असे सर्व काही असते, आणि त्यांतील कारले तर इतके खरे दिसते की ठाण्याच्या मैत्रिणीने ते नकळत वास घेण्यासाठी नाकाशी नेले. फळांसाठी पांगाऱ्यासारखे हलके लाकूड वापरले जाते, त्यामुळे भरलेली परडी उचलताना हाताला वजनाचा अंदाज चुकल्यासारखा होतो. याशिवाय पाट, चौरंग, देव्हारे, पोळपाट, भोवरे, पांगुळगाडे, भातुकलीतील जाते आणि उखळ-मुसळ, आणि आमच्या लहानपणी घरोघरी असलेली लाकडी बाहुली, ठकी. ठकी दिसताच पाचही जणी एकाच वेळी बोलू लागल्या आणि दुकानातील काकू गालातल्या गालात हसत म्हणाल्या, "खयसून इलात?" चार गावांची नावे एका दमात ऐकून त्यांनी आम्हाला बसायला पाट दिले.

आमच्या अटीमुळे प्रत्येक वस्तूविषयी विचारणे भाग होते आणि त्यातून एक महत्त्वाचा भेद समजला. येथे जे रंगीत दिसते ते सर्व लाखेचे नसते. लाखकामात लेथवर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर एकसारखी पसरते आणि मग ती घासून चकाकी आणतात. म्हणून करंडा, डबी, लाटणे, भोवरा अशा गोल, फिरवून घडवता येणाऱ्या वस्तूंवरच असे काम होऊ शकते. फळे, प्राणी, पाटावरची वेलबुट्टी ही कुंचल्याने रंगवलेली असते, आणि त्यात काही कमीपणाही नाही. परंतु लाखेच्या नावाने ती घेऊ नये. जवळून पाहिल्यास लाखेवर कुंचल्याच्या रेषा दिसत नाहीत आणि रंगांचे पट्टे वर्तुळाकारच असतात. काही दुकानांत बाहेरून आणलेली खेळणीही शेजारीच ठेवलेली असतात. "हे इथेच केलेले आहे का?" असे सरळ विचारले तर बहुतेक ठिकाणी सरळ उत्तर मिळाले, एका ठिकाणी मिळाले नाही आणि आम्ही तेथून काही घेतले नाही.

लहान मुलांसाठी घेताना रंग कोणता आहे हे विचारावे, कारण मूल खेळणे तोंडात घालणारच. लाख उष्णतेने मऊ पडते, म्हणून करंडा उन्हाच्या खिडकीत किंवा शेगडीजवळ ठेवू नये आणि पाण्यात बुडवून धुऊ नये. ओलसर फडक्याने पुसणे पुरते. मोठा देव्हारा किंवा चौरंग हवा असल्यास पहिल्याच दिवशी सांगावे. बेळगावच्या मैत्रिणीने तिसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा हव्या त्या मापाचा चौरंग तयार नव्हता आणि तिला पुन्हा यावे लागणार आहे, अर्थात तिची त्याविषयी तक्रार मुळीच नाही. घासाघीस करण्याविषयी माझे मत असे की चार-पाच वस्तू एकत्र घेताना थोडे कमी करण्याची विनंती करण्यास हरकत नसावी. एका भोवऱ्यासाठी मात्र ती करू नये.

दुपारी बाजार बराचसा मिटलेला असतो, तेव्हा तो वेळ जेवण आणि विश्रांतीसाठीच ठेवावा. सुरमईची कढी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी घेतल्यावर खरेदीचा विवेक तसाही उरत नाही.

राजवाडा पाहण्यासाठी सकाळची वेळ निवडावी, कारण आम्ही गेलो तेव्हा दुपारी तो काही काळ बंद होता. छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारून घ्यावे. येथे दरबार दालनात बसून कारागीर गंजिफा रंगवतात आणि अभ्यागतांना ते काम जवळून पाहता येते. गंजिफा म्हणजे गोल आकाराचे, हाताने रंगवलेले खेळण्याचे पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा संच असतात व प्रत्येक संचात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने असतात. म्हणजे एकूण १२० पाने. मोगली पद्धतीच्या गंजिफेत आठ संच, म्हणून ९६ पाने. मत्स्यावताराच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू, अशा खुणा मोजून पान ओळखायचे. गमतीचा भाग असा की निम्म्या संचांत अंकांच्या पानांपैकी दश्शी मोठी असते आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. नागपूरच्या मैत्रिणीने हे तीनदा समजून घेतले आणि तरी नियम लिहून काढताना ती अडखळली.

ही कला विसाव्या शतकात जवळजवळ संपली होती. राजे शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या सुमारास एका वयोवृद्ध चितारी कारागिराला बोलावून ती स्वतः शिकून घेतली, राजवाड्यातच काम सुरू केले, आणि गावातील तरुणांच्या हाती कुंचले दिले. सत्त्वशीलादेवींचे २०१८ साली निधन झाले. त्यानंतर २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही पाहत होतो तेव्हा एक कारागीर एका पानावरील सहा कासवांच्या पाठीवर बारीक रेषा ओढत होती. तिने मान वर केली नाही आणि आम्ही पाचही जणी बहुधा आयुष्यात प्रथमच एकदम गप्प बसलो होतो.

संपूर्ण संच आमच्या पाचशे रुपयांत बसणारा अर्थातच नाही आणि तो त्या किमतीत मिळावा अशी अपेक्षाही कोणी करू नये. त्याच चित्रशैलीतील लहान डब्या, सुटी पाने आणि छोट्या शोभेच्या वस्तू पाहाव्यात. वाढदिवस किंवा लग्न यांसाठी संच भेट द्यायचा विचार असेल तर किंमत आणि लागणारा वेळ यांची आधी चौकशी करून मगच निघावे.

तिसरा दिवस गाडी ठरवून बाहेर काढला. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाच्या कलांचे एक संग्रहालय आहे. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्याचे रूपांतर करून ते उभे केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीची जुनी चित्रे, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या तेथे पाहता येतात. चित्रकथीत एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगितली जाते. केवळ चित्रे पाहून परतू नये, कथा ऐकायला मिळेल का हे आधी फोन करून विचारावे. कागदावर रंगवलेली छोटी चित्रे येथे विकतही मिळतात. ती नळकांड्यात गुंडाळून न्यावीत. मी ती वहीत ठेवली आणि एका चित्राला घडी पडली.

तेथून आरवली, शिरोडा, वेंगुर्ले असा फेरा घेतला, तो थोडक्यात सांगते. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि प्रचंड मोठ्या चपला वाहतात. जयवंत दळवींच्या गावी आल्याचा आनंद आम्हा सर्वांनाच झाला. शिरोड्यात वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिक्षक होते, म्हणून शाळेसमोर थोडे थांबलो. वेंगुर्ल्यात काजू घेतले. नवा काजू उन्हाळ्यात येतो, नोव्हेंबरात मिळतो तो साठवणीचा, तेव्हा एखादा चावून पाहिल्याशिवाय किलोने घेऊ नये. कोकमाच्या बाटल्यांत आगळ आणि अमृत कोकम यांत घोटाळा करू नये: आगळ खारट असून सोलकढीसाठी, अमृत कोकम गोड असून सरबतासाठी. बेळगावकर मैत्रिणीने घाईत दुसरी बाटली उचलली होती आणि सोलकढी करण्याचा तिचा बेत होता.

भेटवस्तू स्थानकावर उघडायच्या ठरल्या होत्या. गाडीला उशीर झाल्याने वेळही भरपूर मिळाला. मला ठाण्याच्या मैत्रिणीचे नाव आले होते. तिचे लिखाण वाचून ती जुन्या स्वयंपाकघरांची वेडी आहे असे मी धरून चालले होते, म्हणून तिच्यासाठी भातुकलीचे लाकडी जाते घेतले. तिने ते हातात घेतले आणि पिशवीतून तसेच दुसरे काढले. तिने ते स्वतःच्या भाचीसाठी आदल्या संध्याकाळी घेतले होते. नागपूरच्या मैत्रिणीने बेळगावच्या मैत्रिणीला गंजिफेच्या चित्राची डबी दिली आणि संचांचे नियम पुन्हा सांगण्याचा प्रयत्न करून पुन्हा चुकवला. मला कुडाळच्या मैत्रिणीकडून लाखेचा लाल-पिवळा करंडा मिळाला. तिच्या आजीचा अगदी असाच करंडा होता, एवढेच तिने सांगितले, आणि लाख लावण्याची कृती मात्र अट म्हणून पूर्ण ऐकवली.

परतीसाठी एक सूचना उरते. लाकडी वस्तू कागदात गुंडाळण्यापेक्षा सुती साडीत किंवा ओढणीत बांधाव्यात आणि त्या पिशवीचे वजन हलके असले तरी जागा फार लागते हे ध्यानात ठेवावे. आम्ही पाच जणी पाच पिशव्या घेऊन आलो होतो आणि निघताना फलाटावर चौदा मोजल्या.