आणखी काही?

मार्च आला की आमच्या एनजीओत रिपोर्टची धांदल सुरू होते आणि त्या एक्सेल शीटमधला एक रकाना दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो, 'वर्षभरात माहितीच्या गरजांची पाहणी किती वेळा केली?' म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांना, आपल्या आशाताईंना, नेमकं काय समजून घ्यायचंय ते आपण विचारलं का, कितीदा. मी 3 टाकते नि चहाला जाते.

आकडा खोटा नाही हं. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, आशांची मासिक मीटिंग असते, तिथे शेवटच्या दहा मिनिटांत फॉर्म वाटतो, अर्ध्याजणींचा जीव एसटीत अडकलेला, विषयांच्या यादीवर टिक करायची. सगळ्या सगळ्यावर टिक करतात. नाही कशाला म्हणायचं!

यंदा एकीने एकही टिक केली नव्हती. खाली 'आणखी काही?'च्या बारक्याशा रेघेवर लिहिलेलं, "पाचवी पूजल्याशिवाय बाळ हातात देत नाहीत, सासूला काय सांगू?"

आता दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाने 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी बाळ बघायला घरी जायचं, घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीपण, हे तिला माझ्यापेक्षा पाठ आहे. आमच्या यादीत वजन होतं, ताप होता, अंगावरचं दूध होतं. सासू नव्हती. तसं बघितलं तर सरकारचे 42 दिवस आणि आपला सव्वा महिना जवळपास सारखेच, अडतं ते तिसऱ्या दिवसापाशी.

बरं, विचारलं म्हणजे कळतंच असंही नाही. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांच्या स्त्रीरोगांचा अभ्यास केला होता, 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये आला तो. 45 टक्के बायकांची काहीच तक्रार नव्हती आणि सगळ्यांना तपासल्यावर आजार निघाला 92 टक्क्यांना! आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त 8 टक्के. तिथे आमचा फॉर्म वाटला असता तर काय निघालं असतं, देव जाणे.

असो. ती सासूची ओळ शीटमध्ये टाकायला गेले तर तो रकाना फक्त नंबर घेतो, अक्षर टाकलं की लाल होतो. शेवटी आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना फोन लावला. त्या हसल्याच, "अहो मॅडम, हे तर सगळ्याच विचारतात मला, रोज. फॉर्मवर कुठे लिहायचं असतं ते?"